गोचिडावर रॉकेल, तापावर अर्धी गोळी: फिरत्या संदेशातला एकेक मुद्दा

पावसाळ्याच्या तोंडावर कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक संदेश हमखास फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. गोचीड हा पावसाळी त्रास. अंगाला रॉकेल किंवा कापूर घातलेलं खोबरेल चोळा, गोचीड आपोआप गळतील. चिकटून बसलेल्याला पेटती काडी लावा. रोज लसणाच्या दोन पाकळ्या खाऊ घाला. ताप आला तर पॅरासिटामॉलची अर्धी गोळी आणि पपईच्या पानांचा रस द्या. कुत्रा जेवायला लागला की औषध थांबवा, डॉक्टर उगाच रक्त तपासायला लावतात. आणि गोचिडांच्या महागड्या गोळ्या फसव्या असतात, त्या देऊनही गोचीड दिसतातच.

यातले काही उपाय नुसते निरुपयोगी आहेत, काही घातक, आणि एक तर मांजराचा जीव घेणारा. गोचीड कुत्र्याच्या अंगावर राहतो आणि तापही वरवरचा असतो, हे गृहीत धरल्यामुळे हा सगळा घोळ होतो. खरं तर गोचीड घरात राहतो आणि ताप रक्तातून येतो.

‘गोचीड हा पावसाळी त्रास आहे’

आपल्याकडच्या पाळीव कुत्र्यांवर बहुतेक वेळा सापडतो तो तपकिरी गोचीड, रायपिसेफॅलस सँग्विनिअस. गुरांवरचा गोचीड एकदा गाईवर चढला की अळीपासून प्रौढ होईपर्यंत तिथेच मुक्काम ठोकतो. कुत्र्याच्या गोचिडाचं तसं नाही. सहा पायांची अळी रक्त पिते, खाली उतरते, कुठल्यातरी फटीत कात टाकते. मग आठ पायांचं पिल्लू पुन्हा चढतं, पितं, उतरतं. प्रौढ झाल्यावर तिसरी फेरी. रक्त पिऊन मटाराएवढी फुगलेली करडी मादी शेवटची उतरते, भिंतीच्या कडेने वर जाते आणि आडोशाला अंडी घालून मरते. एका मादीची अंडी चार हजारांपर्यंत जाऊ शकतात.

म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दहा गोचीड दिसत असतील, तर बाकीची फौज स्कर्टिंगच्या फटीत, पलंगाच्या सांध्यांत, पडद्याच्या शिवणीत आणि भिंतीवरच्या फ्रेममागे बसलेली असते. प्रौढ गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतो. घरात ऊब बारमाही असते, त्यामुळे हा जीवही बारमाही. उलट मार्च ते मे या उन्हाच्या दिवसांत त्याचं चक्र आणखी वेगाने फिरतं. दिवाळीत ‘आता पाऊस संपला’ म्हणून प्रतिबंधक औषध थांबवलं, की शिमग्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ‘आमचा कुत्रा फ्लॅटमधून फारसा बाहेर पडत नाही’ यानेही फरक पडत नाही. जिन्यातून एक मादी आत आली तरी पुरे.

म्हणून घराकडे आधी बघा. कुत्र्याची गादी, चादरी आणि सोफ्याची कव्हरं साठ अंशांच्या आसपास गरम पाण्यात धुवा. व्हॅक्यूम क्लीनर भिंतीच्या कडेकडेने, पलंगाखाली आणि फर्निचरच्या सांध्यांत फिरवा, आणि त्यातला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाका. फटी पांढऱ्या सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा. पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला ‘झुरळं’ नव्हे, ‘गोचीड’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे तो फक्त ओट्याखाली फवारणार नाही, भिंतीच्या वरच्या कडाही घेईल. अंड्यांवर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ती फुटतात, तेव्हा दुसरी फवारणी लागतेच. औषध पूर्ण वाळेपर्यंत कुत्रं, मांजर घराबाहेर. माशांची टाकीही हलवा, कारण असली बहुतेक कीटकनाशकं माशांना सर्वांत आधी मारतात.

‘रॉकेल चोळा, कापूर लावा’

रॉकेलने कातडी भाजल्यासारखी लाल होते, पण खरा धोका कुत्रा अंग चाटतो तेव्हाचा. रॉकेल पातळ असतं, गिळताना सहज श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसांना सूज येते. काही तासांत खोकला आणि धाप दिसू लागते. कोणी लावून बसलंच असेल तर उलटी करवू नका, उलटीबरोबर ते पुन्हा फुप्फुसात जाऊ शकतं. हातमोजे घालून भांड्यांच्या साबणाने अंग धुवा, चाटू नये म्हणून गळ्यात कोन (नरसाळ्यासारखी कॉलर) घाला आणि दवाखाना गाठा.

कापूर कातडीतून आणि पोटातून, दोन्हीकडून शोषला जातो आणि झटके आणू शकतो. खोबरेलात घातला तर कुत्रा तो आवडीने चाटतो, म्हणजे मात्रा दुप्पट. काही संदेशांत गादीखाली डांबरगोळ्या ठेवायला सांगतात. त्यातलं नॅफ्थलीन खाल्लं गेलं तर रक्तातल्या लाल पेशी फोडतं. मुंग्यांच्या खडूत बहुधा पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं. कुत्र्याचं यकृत ते काही प्रमाणात पचवतं, मांजराचं नाही. कुत्र्यासाठीच्या काही स्पॉट-ऑनमध्येही (कातडीवर टाकायच्या थेंबांमध्ये) याच जातीचं पर्मेथ्रिन असतं. ते लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपणारं मांजर थरथरू लागतं, त्याला फिट येतात. घरात मांजर असेल तर कुत्र्याच्या औषधाच्या वेष्टणावर पर्मेथ्रिन आहे का, हे आधी वाचा.

कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली तर बिघडत काही नाही. चिकटलेला गोचीड त्याने मरत नाही, इतकंच.

गावाकडे, आणि आता शहरातही, गुरांसाठीचं १२.५ टक्के अमिट्राझ कुत्र्याला वापरतात. हे औषध खरंच काम करतं, पण मापाने. एक लिटर पाण्यात ४ मिलिलिटर टाकलं की ०.०५ टक्क्याचं द्रावण होतं. यापेक्षा दाट करायचं नाही, आणि बाटलीवर कमी प्रमाण लिहिलं असेल तर तेच पाळायचं. चूक होते ती झाकणाने मोजल्यामुळे. माप सुईविना सिरिंजने घ्या. द्रावण ताजं करा, उरलेलं ठेवू नका. डोळे, तोंड आणि जखमा सोडून स्पंजने लावा, वरून धुऊ नका, वाळेपर्यंत चाटू देऊ नका. मांजर, चार महिन्यांखालचं पिल्लू, मधुमेही किंवा आधीच आजारी कुत्रा यांना हे लावायचं नाही. लावल्यावर कुत्रा गुंगल्यासारखा पडून राहिला, अंग गार पडलं, तर ती विषबाधा समजा. त्यावर उतारा आहे, पण तो दवाखान्यातच मिळतो.

‘चिकटलेल्या गोचिडाला पेटती काडी लावा’

डिवचलेला गोचीड सुटण्याआधी लाळ आणि पोटातला ऐवज जखमेत सोडू शकतो. जंतू तिथेच असतात. व्हॅसलिन, नेलपॉलिश, रॉकेलचा थेंब यांचंही तेच. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीला अगदी लागून, तोंडापाशी पकडा आणि न पिळता, एकसारख्या जोराने सरळ वर ओढा. पोटाला धरलं तर तो फुटतो. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर कोरत बसू नका, कातडी तो स्वतःच बाहेर टाकते. काढलेला गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका. नखाने किंवा चपलेने चिरडू नका, कारण याच गोचिडातून माणसालाही पुरळ आणणारा रिकेट्सियल ताप होऊ शकतो. शोधताना कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीखाली बघा.

(जाता जाता: दोडामार्ग आणि सत्तरीकडचे वाचक या संदेशाखाली माकडतापाबद्दल, म्हणजे रानातल्या गोचिडांमुळे माणसांना आणि माकडांना होणाऱ्या विषाणूजन्य तापाबद्दल, विचारतात. तो पसरवणारे हिमॅफायसॅलिस जातीचे गोचीड रानातले, घरातल्या तपकिरी गोचिडाशी त्यांचा संबंध नाही. जंगलात चरायला जाणाऱ्या गुरांची गोष्ट वेगळी.)

‘लसूण द्या, रक्त कडू होतं’

संदेशातला सर्वांत उलटा सल्ला हा. लसूण आणि कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्या-मांजरांच्या लाल पेशींना इजा करतात आणि पेशी वेळेआधी फुटतात. मोठ्या कुत्र्याने एखादी पाकळी खाल्ली म्हणून लगेच काही होत नाही, पण संदेश ‘रोज’ म्हणतो, आणि मांजरं तर कुत्र्यांहून नाजूक. आता गोचिडातून येणारा बबेसिया हा सूक्ष्म परजीवी काय करतो? तोही लाल पेशीत शिरून तीच फोडतो. ज्या कुत्र्याचं रक्त आधीच आतून तुटतंय, त्याला वरून लसूण द्यायचा! शिवाय लसूण खाणाऱ्या कुत्र्याला गोचीड चावत नाही, याला आधार नाही.

‘ताप आला तर अर्धी गोळी’

आधी ताप आहे का ते बघा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्या हाताला तो कायम गरमच लागणार. नाक कोरडं की ओलं यावरूनही काही ठरत नाही. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला थोडं व्हॅसलिन लावून गुदद्वारात साधारण दोन सेंटिमीटर घाला. १०३ च्या वर आकडा आला तर तो ताप. कुत्र्यासाठी थर्मामीटर वेगळा ठेवा, हे सांगायला नको.

आता गोळीचा हिशोब. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी म्हणजे २५० मिलिग्रॅम. पाच किलोच्या पॉमेरेनियनला दर किलोमागे ५० मिलिग्रॅम पडले. पशुवैद्य कुत्र्याला हे औषध क्वचित देतात तेव्हा मात्रा १० ते १५ च्या आसपास ठेवतात. ६५० ची गोळी मोडली तर तोच आकडा ६५.

मांजराला तर हे औषध द्यायचंच नाही. पॅरासिटामॉल निरुपद्रवी करण्यासाठी यकृतात लागणारी यंत्रणा मांजरात फार तोकडी असते आणि किलोमागे १० मिलिग्रॅमनेही विषबाधा होऊ शकते. चार किलोच्या मांजराला अर्धी गोळी म्हणजे त्याच्या सहापट. हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास जोरात चालतो. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो काही तासांत द्यावा लागतो. दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, रात्री उघडा दवाखाना शोधायचा. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असलेल्या गोळ्या कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडावर घाव घालतात. गोचीड तापात प्लेटलेट आधीच घसरलेल्या असतात, त्यात पोटात रक्तस्राव झाला तर तो थांबवणं अवघड होतं.

‘पपईचा रस द्या, जेवायला लागला की थांबवा, तपासण्या उगाच’

पपईच्या पानांचा रस हे एर्लिकियावरचं, म्हणजे गोचीड ताप आणणाऱ्या जिवाणूवरचं, औषध नाही. प्लेटलेट जंतूमुळे आणि शरीराच्याच उलट्या प्रतिकारामुळे कमी होतात; जंतू गेला की त्या वाढतात. कडू रस बळेच पाजल्यावर उलटी झाली तर पोटातली खरी गोळीही बाहेर पडते.

एर्लिकिया कॅनिसवर डॉक्सिसायक्लिन चालतं. किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, २८ दिवस. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला २०० मिलिग्रॅम, बहुधा शंभर-शंभर करून दोनदा. एक-दोन दिवसांत ताप उतरतो, कुत्रा ताटलीकडे धावतो, आणि इथेच घरचे गोळ्या बंद करतात. जंतू मात्र प्लीहेत दबा धरून राहू शकतो. काही कुत्र्यांत महिन्यांनी, कधी वर्षांनी, तो अस्थिमज्जेपर्यंत जातो आणि तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी तयार होणं मंदावतं. त्या टप्प्यावर उपचार लांबतात, आणि दर वेळी यशस्वी होत नाहीत. गोळी रिकाम्या पोटी दिली तर मळमळ होते. ती जेवणाबरोबर द्या, पण दूध-दह्यात कालवू नका. मांजराला गोळी दिल्यावर पाच-सहा मिलिलिटर पाणी पाजा, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते.

आणि तपासणी ‘उगाच’ का नाही? बबेसियावर फक्त डॉक्सिसायक्लिन पुरत नाही. त्यातही मोठ्या आकाराच्या बबेसियावर इमिडोकार्बचं इंजेक्शन काम करतं, लहान बबेसिया गिब्सोनीवर ते तोकडं पडतं. त्याला ॲटोव्हाकोन आणि ॲझिथ्रोमायसिन दहा दिवस, तेही स्निग्ध जेवणाबरोबर. वरून एर्लिकिया आणि बबेसिया या दोघांचा ताप सारखाच दिसतो. म्हणून औषध सुरू होण्यापूर्वी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि कानाच्या कडेच्या रक्ताची स्लाइड करून घ्या. स्लाइडवर काही दिसलं नाही म्हणजे आजार नाही, असं होत नाही. उलट झटपट तपासणीच्या किटवर अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं) आल्या तर त्या जुन्या संसर्गाच्याही असू शकतात, बऱ्या झालेल्या कुत्र्यात त्या कित्येक महिने दिसतात. रिपोर्ट लक्षणांशी जुळवून वाचावा लागतो, तो व्हॉट्सॲपवर टाकून निदान होत नाही.

‘महागड्या गोळ्या फसव्या, गोचीड दिसतातच’

दिसणारच. फ्लुरालानर (१२ आठवडे), ॲफॉक्सोलानर (एक महिना), सारोलानर (३५ दिवस) ही औषधं कुत्र्याच्या रक्तातून काम करतात. गोचीड चावला तरच त्याला विष मिळतं आणि तो पुढच्या काही तासांत, फार तर दिवसभरात मरतो. घरातली जुनी फौज एकेक करून वर चढते आणि मरते. हे साधारण तीन महिने चालतं, म्हणून पहिल्या महिन्यात ‘गोळी फेल गेली’ असा निकाल देऊ नका. काढलेला गोचीड सुकलेला, पाय न हलवणारा असेल तर गोळी काम करते आहे. गोळी जेवणाबरोबर द्या. पैसे वाचवायला मोठी गोळी मोडून दोन कुत्र्यांना देऊ नका, तुकड्यांत औषध सारखं वाटलं गेल्याची खात्री नसते. कुत्र्याला पूर्वी फिट आल्या असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, या गटातल्या औषधांबाबत ती खबरदारी आहे.

फिप्रोनिलचे थेंब लावणार असाल तर ते केसांवर नव्हे, खांद्यांच्या मध्ये केस बाजूला करून कातडीवर पडायला हवेत. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस शाम्पू नाही. सशाला हे औषध कधीही लावू नका.

थर्मामीटर नसेल तर रोज ओठ उचलून हिरड्या बघा. फिकट किंवा पिवळट हिरड्या, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, नाकातून रक्त, गडद तपकिरी लघवी, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. जाताना गोचिडांसाठी शेवटचं औषध कोणतं, कधी दिलं आणि घरच्या घरी काय काय चोळलं किंवा पाजलं, हे कागदावर लिहून घ्या. रॉकेल लावलं असेल तर तेही लपवू नका, उपचार त्यावर ठरतात.