गझलकार व्हा, महिन्याभरात!

गझल लिहायची आहे? मग आधी मुखपृष्ठ करून घ्या. वर चंद्र, खाली पाठमोरी बाई, मध्ये ठसठशीत तुमचं नाव. आतल्या गझला काय, होतात.

तखल्लुसही, म्हणजे शायराचं टोपणनाव, आजच ठरवून टाका.

वाचायचं मात्र काही नाही. दुसऱ्याचं वाचलं की आपल्यावर प्रभाव पडतो. सुरेश भट होतकरूंसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहून बसले, पण ती होतकरूंसाठी. तुम्ही थेट पदवीलाच बसलेले.

मात्रा मोजू नका. लघूची एक, गुरूची दोन, हा हिशेब किराणावाल्याचा. तुमच्या घरी रोज संध्याकाळी मनाचे श्लोक होत असतील, ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’. म्हणजे लगागा लगागा लगागा लगागा, भुजंगप्रयात. असे 205 श्लोक लहानपणापासून कानावर पडूनही एक ओळ वृत्तात येऊ द्यायची नाही, याला तपश्चर्या लागते. ती तुम्ही केलेली दिसते.

आता काफिया, म्हणजे यमक. मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरात, ‘वाट’ आणि ‘लाट’ आलं, म्हणजे ‘ट’च्या आधी ‘आ’ आला. हा स्वर म्हणजे तुमची अलामत. मतल्यात तुम्हीच दिलेला शब्द. तो पुढच्या शेरात लगेच मोडायचा. दुसऱ्या शेरात ‘नीट’ घ्या, तिसऱ्यात ‘पोट’, चौथ्यात ‘उंट’. (उंटाचं गझलेत काय काम, हे मी विचारलं होतं. ‘वाळवंट सूचित होतं,’ असं उत्तर मिळालं.) कुणी बोट ठेवलंच तर डोळे मोठे करून म्हणायचं, ‘सर, शेवटी ट आहे की!’ आहे ना. ‘चावट’लाही आहे. फारच ताणलं तर शेवटचं अस्त्र काढायचं: ‘सर, भावना महत्त्वाच्या.’ जणू अलामत सांभाळणारे सगळे कवी भावना खुंटीला टांगून बसत होते! भावना असते हो, सगळ्यांना असते. बस चुकलेल्या माणसालाही असते. पण तो स्टँडवर उभा राहून दोन ओळी म्हणत नाही आणि वर ‘इर्शाद म्हणा’ असं दरडावत नाही.

मुशायऱ्यात आपली गझल झाली की ताबडतोब घरी जा. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं.

आणि सगळ्यात मोलाचं: एक जाणकार गाठा. त्याला वही द्या, ‘फक्त एक नजर टाका’ म्हणा. मला अशीच एक वही मिळाली. 112 गझला. मी चार रविवार घातले. लाल पेनानं मात्रा मांडल्या, समासात पर्यायी काफिये सुचवले, जिथे शेर खरंच जमला होता तिथे शाबासकीही लिहिली. असे तीन शेर निघाले, आणि त्यातला एक इतका देखणा होता की मी तो बायकोला वाचून दाखवला. वही तयार आहे म्हणून चारदा फोन केले. ‘येतो सर, गडबडीत आहे.’

गडबड कसली ते परवा कळलं. प्रकाशनाची पत्रिकाच आली. गेलो. पुस्तक हातात घेतलं, उघडलं. वाट, लाट, नीट, पोट, उंट. सगळं शाबूत. आणि ऋणनिर्देशात माझं नाव: ‘यांनी प्रत्येक गझल बारकाईनं तपासून दिली.’

अहो, काय तपासून दिली? वही अजून माझ्या टेबलावर आहे! तुम्हाला शिकायचंच नव्हतं, तर माझे रविवार कशाला नासले? गाणं शिकणारा वर्षानुवर्षं पलटे घोटतो, सुतार रंधा धरायला शिकतो, आणि तुम्हाला एक शेर दुसऱ्यांदा लिहायचा कंटाळा? तो देखणा शेर, ज्यात फक्त एक मात्रा जास्त होती, एक! तो तुम्ही तसाच लंगडा छापलात. त्याचा राग आहे मला. उंटाचं काही नाही. पण तो शेर तुमचा होता, चांगला होता, आणि त्याच्यासाठी तुम्हाला बसून दहा मिनिटं काढता आली नाहीत.

वही घेऊन जा. पान 47 वर खूण घातली आहे.