अंगठे वाचवा मोहीम

इंग्लंडात राहून मध्ययुगीन युरोपीय तलवारबाजीचा क्लब चालवतो असं सांगितलं, की आपल्या माणसाचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "म्हणजे दांडपट्ट्यासारखं?" दुसरा, "लागत नाही का हो?" पहिल्याचं उत्तर 'नाही'. दांडपट्टा उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात आला. इथली लांब तलवारीची परंपरा मधेच तुटली, आणि आम्ही ती पोथ्या पुढ्यात ठेवून जुळवतो. दुसऱ्याचं उत्तर 'लागतं'. तेही हटकून अंगठ्याला.

का, ते तलवारीकडे बघितल्यावर कळतं. सरावाची दोन हातांची तलवार साधारण १३० सेंटिमीटर लांब आणि दीड किलोच्या आसपास असते. उजवा हात पुढे, मुठीपुढच्या आडव्या दांडीला टेकलेला. ही दांडी धारेच्या रेषेत येणारा वार अडवते. पात्याच्या सपाट बाजूला तिचा काडीचा उपयोग नाही. आणि जर्मन पद्धतीत अंगठा नेमका त्या सपाट बाजूवर ठेवायचा असतो! 'त्स्वेर्खहाउ' नावाचा डोक्याच्या उंचीवरचा आडवा वार आहे (नाव घेतानाच जीभ मुरगळते). त्यात अंगठा पात्याखालून आधार देतो आणि समोरच्याचं पातं घसरत खाली आलं, की पाहुण्यासारखं थेट अंगठ्याकडेच येतं.

म्हणून हातमोजे. लोकांना वाटतं क्लब काढायचा तर आधी तलवारी घ्याव्यात. चुकलं. साध्या फेन्सिंगचा चामडी मोजा इथे कुचकामी. जाड प्लॅस्टिकच्या खवल्यांचे मोजे लागतात. पाच सुट्या बोटांच्या मोज्यात तलवार छान फिरते, पण प्रत्येक बोट एकेकटं मार खातं. चारही बोटं एका कवचात घेणाऱ्या मोज्यात हाडं शाबूत राहतात, पण तलवार धरल्यावर आपण खेकडा आहोत असं वाटतं. क्लबच्या सामायिक पेटीसाठी खेकडाच घ्यावा. घेताना अंगठ्याचं टोक दाबून बघा. टोपी टोकावरून पुढे आली पाहिजे. नखाशीच संपत असेल तर ठेवून द्या, कितीही स्वस्त असली तरी. नवशिक्याला आधी नायलॉनची तलवार देतात. ती स्वस्त खरी, पण पाती एकमेकांना धरून राहत नाहीत, नुसती घसरतात. तरी त्या तलवारीपेक्षा मोजे महाग पडतात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

बाकीचं चिलखतही सोपं नाही. भोसकण्याला दाद न देणारं जाड जाकीट ३५० किंवा ८०० न्यूटनचा जोर सोसणारं. जाळीचा मुखवटा मूळ फेन्सिंगचा, त्यामुळे मागून डोकं उघडंच. त्यावर कवटी झाकणारं वेगळं चामडी आवरण. गळ्याला कडक पट्टा हवाच, कारण छातीवरून घसरलेलं टोक मुखवट्याच्या झालरीखालून वर शिरतं. चढवायचा क्रमही ठरलेला: गळपट्टा, जाकीट, कोपर, गुडघे, मुखवटा आणि सर्वांत शेवटी मोजे. कारण मोजे चढले की माणसाचे हात संपले. बंद लावता येत नाही, पाण्याची बाटली उघडता येत नाही, आणि नाकाला खाज सुटण्याचा मुहूर्तही तोच असतो. दोन तासांच्या वर्गातली वीस मिनिटं या शृंगारात जातात हे धरूनच वेळापत्रक करावं.

घामाचं काय करायचं, यावर तुटलेली परंपरा काहीच सांगत नाही. सामायिक मोजे रात्री पिशवीत कोंबले, तर पुढच्या आठवड्यात ती उघडायला कोणी पुढे येत नाही. घरी नेऊन तोंड उघडं ठेवून टांगायचे, आत वर्तमानपत्राचे बोळे. आपल्याकडे एका दुपारच्या उन्हाचं काम. इथे ऊन येईपर्यंत मोज्यांना दाढी फुटते. प्रत्येकाला आतून घालायला सुती पातळ मोजे आणायला सांगा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

पोलादी तलवार घेताना टोक वळवलेलं किंवा रुंद आहे ना, आणि भोसकल्यावर पातं धनुष्यासारखं वाकतं ना, एवढं आधी बघायचं. वाकलं नाही तर बरगडी वाकते. धारेवर धार आपटली की खाच पडते आणि खाचेच्या काठाला बारीक कंगोरा उठतो. दिसत नाही, पण महागाचं जाकीट टर्रकन फाडतो. वर्गानंतर कापसाचा बोळा दोन्ही धारांवरून फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे कानस, मग पॉलिश पेपर, शेवटी तेलाचा हात. घामेजली बोटं लागलेलं पातं तसंच ठेवलं, तर त्यावर बोटांचे ठसे गंजात उमटतात. कोणाची पाळी चुकली याचा पुरावा आपोआप तयार.

हॉल बघायला जाताना तलवार सोबत न्या. सर्वांत उंच माणसाला ती डोक्यावर उभी धरायला सांगा आणि वर आणखी अर्धा मीटर सोडा. तीन मीटरचं छत असेल तर नमस्कार करून परत फिरा; ट्यूबलाइटचे पैसे आपणच भरतो. विमा क्लबांच्या महासंघामार्फत मिळतो. तलवार बंद पिशवीत, घर ते हॉल, बस. सार्वजनिक जागी पातं बाळगायला इथल्या १९८८च्या कायद्याने सबळ कारण लागतं, आणि लोण्याची बोथट सुरीसुद्धा पातंच, असा न्यायालयाचा निवाडा आहे. बसस्टॉपवर मित्राला पेच दाखवू नये.

पोथ्या मात्र फुकट. 'विक्टेनाउअर' या संकेतस्थळावर मूळ पानं, लिप्यंतर, भाषांतर शेजारी शेजारी मिळतं. जर्मन पद्धतीचे आद्य गुरू लिश्टेनाउअर यांची पद्यं आपल्या कूट अभंगांसारखी मुद्दामच गूढ, त्यामुळे दोन माणसांत तीन अर्थ निघतात आणि सराव राहतो बाजूला. नव्या क्लबाने फियोरे या इटालियन गुरूच्या पोथीतल्या चित्रांपासून सुरुवात करावी. डोक्यावर मुकुट तो गुरू, गुडघ्याखाली सोनेरी पट्टा तो गुरूचा डाव पुढे नेणारा शिष्य, दोन्ही असलेला त्यांच्यावर उलटणारा. काहीच नसलेला बिचारा मार खाणारा. पायांचं मात्र स्वतः शोधा, चित्र हलत नाही. टालहोफर या जर्मन गुरूच्या १४६७च्या पोथीत नवरा कमरेइतक्या खड्ड्यात आणि बायको बाहेर कापडात धोंडा बांधून उभी, असा न्यायद्वंद्वाचा भाग आहे. तो पहिल्या आठवड्यात जोडप्यांना दाखवू नका.

मुख्य म्हणजे सामायिक पेटीची यादी ठेवा आणि दर तीन महिन्यांनी मोजदाद करा. उजवा हात पुढे असतो, मार तोच खातो, म्हणून उजवे मोजे आधी फाटतात. जोडी तुटली तरी दुसरा फेकवत नाही, महागाचा असतो. त्यामुळे जुन्या क्लबाच्या पेटीत तळाशी हात घातला तर सात मोजे निघतात. सातही डाव्या हाताचे.