दुपारी पेंग येते म्हणून इन्सुलिन रेझिस्टन्स?

सध्या फॉरवर्ड होत असलेल्या एका मजकुराचं सार असं: जेवल्यावर डोळे मिटायला लागतात, दिवसभर अंगात त्राण नसतं, तर तुम्हाला इन्सुलिन रेझिस्टन्स आहेच. पेशींचं कुलूप गंजलंय, रक्तात साखर भरपूर पण पेशी उपाशी. उपाशीपोटीची शुगर नॉर्मल आली तरी भुलू नका, फास्टिंग इन्सुलिन (उपाशीपोटी रक्तातलं इन्सुलिन मोजणारी चाचणी) करून घ्या. मग पिष्टमय पदार्थ पूर्ण बंद करा, जेवणाआधी व्हिनेगर प्या, २१ दिवसांत शरीर पूर्ववत.

निव्वळ थाप असती तर सोडून देता आली असती. यात खऱ्याखोट्याची सरमिसळ आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘पेशी उपाशी राहतात, म्हणून थकवा येतो.’

इन्सुलिन हे रक्तातलं ग्लुकोज, म्हणजे साखर, पेशींत पोचवायला मदत करणारं संप्रेरक. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये तेवढंच काम करून घ्यायला जास्त इन्सुलिन लागतं. स्वादुपिंड ते पुरवत राहतं तोवर ग्लुकोज पेशींत जातच असतं. मेंदूला तर ग्लुकोज घ्यायला इन्सुलिनची गरजच जवळपास नसते, आणि बसल्याजागी स्नायू मुख्यतः मेदाम्लांवर, म्हणजे चरबीतून मिळणाऱ्या इंधनावर चालतात. उपासमारीचं चित्र इथेच कोलमडतं. खरं तर अनेकदा उलटं घडलेलं असतं: यकृताच्या आणि स्नायूंच्या पेशींत चरबी साठते आणि ती इन्सुलिनचा संदेश आत पुढे जाऊ देत नाही. म्हणून इन्सुलिन रेझिस्टन्स वर्षानुवर्षं कसलीही तक्रार न करता अंगात असू शकतो.

साखरेमुळे थकवा येतो तो पुढच्या टप्प्यावर. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर राहू लागली की मूत्रपिंडं ती लघवीवाटे सोडतात आणि सोबत पाणीही जातं. सारखी तहान, रात्री उठून लघवी, कारण नसताना घटणारं वजन आणि त्यात थकवा, असं असेल तर बहुधा मधुमेहच सुरू झालेला असतो. तेव्हा लेख वाचत बसू नये, त्याच दिवशी शुगर तपासावी.

‘जेवणानंतरची झोप हा पुरावा.’

दुपारी साधारण एक ते चारच्या दरम्यान जागेपणाला ओहोटी लागते, ती शरीराच्या घड्याळामुळे. दुपारी न जेवलेल्यांनाही ती जाणवते. जड जेवणाने ती वाढते आणि आदल्या रात्रीची झोप कमी पडली असेल तर आणखी.

या झोपेपाशी जरा थांबायला हवं, कारण मजकुराने कार्यकारणभाव उलटा धरला आहे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापून आला. ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे खालावली. म्हणजे अपुरी झोप थकवाही देते आणि इन्सुलिनचं कामही बिघडवते. झोपेत श्वास अडण्याच्या आजारात, म्हणजे स्लीप ॲप्नियात, दोन्ही अनेकदा एकत्र दिसतात. मोठ्याने घोरणं, मध्येच गुदमरून जाग येणं, सकाळी डोकं जड असणं ही लक्षणं असतील तर साखरेआधी झोपेची तपासणी करावी.

बाकी थकव्याची कारणं रुक्ष असली तरी शोधायला सोपी आहेत: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि बी१२ जीवनसत्त्व पाहायचं, आणि घेत असलेल्या औषधांवर नजर टाकायची. ॲलर्जीच्या काही गोळ्या दिवसभर गुंगी देतात. नैराश्यही कित्येकदा ‘अंगात ताकद नाही’ याच शब्दांत डॉक्टरांसमोर येतं.

‘शुगर नॉर्मल असली तरी फास्टिंग इन्सुलिन करा.’

पहिला अर्धा भाग बरोबर आहे. स्वादुपिंड भरपाई करत असेपर्यंत उपाशीपोटीची शुगर नॉर्मल राहू शकते. गडबड आहे ती दुसऱ्या भागात. फास्टिंग इन्सुलिनवरून होमा-आयआर, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्सचा अंदाज देणारा आकडा, काढतात: इन्सुलिन (मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर) गुणिले ग्लुकोज (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) भागिले ४०५. ग्लुकोज ९० आणि इन्सुलिन ९ असेल तर उत्तर येतं २. ग्लुकोज तेवढंच ठेवून इन्सुलिन १३.५ झालं की ३. आता, स्वादुपिंड इन्सुलिन एकसारखं सोडत नाही, दर काही मिनिटांनी हप्त्याहप्त्याने सोडतं. शिवाय मोजण्याच्या पद्धती प्रयोगशाळेगणिक वेगळ्या आहेत आणि सर्वांना मान्य असा कट-ऑफही (याच्या वर म्हणजे आजार, अशी सीमारेषा) नाही. मोठ्या गटांच्या अभ्यासाला हे सूत्र चांगलं. एका माणसाच्या एका रिपोर्टवर ‘२.६, म्हणजे आजारी’ असं लिहिणं हा निव्वळ आगाऊपणा.

कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) कमी, आणि मानेवर किंवा काखेत मखमलीसारखी जाडसर काळी त्वचा (ती घासून जात नाही) या खुणा एकत्र दिसल्या तर त्या जास्त बोलक्या. त्यांच्या जोडीला एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी) करावी, ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर हा आकडा खोटा वाढतो, अशा वेळी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजण्याची चाचणी बरी.

‘पिष्टमय पदार्थ पूर्ण बंद.’

ते कमी केल्याने जेवणानंतरची साखर कमी चढते, यात वाद नाही. पण ते पार बंद केले की स्नायू मेदावर चालायला लागतात आणि ग्लुकोज तात्पुरतं नाकारतात. त्याच अवस्थेत ग्लुकोजची चाचणी केली तर रिपोर्ट विनाकारण बिघडलेला येतो. म्हणूनच चाचणीआधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं खायला सांगतात. बंदीपेक्षा सोपं म्हणजे भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्ट शेवटी. तेच ताट, पण साखरेचा चढ कमी.

व्हिनेगरचा परिणाम किरकोळ असतो, दातांच्या एनॅमलची झीज मात्र खरी.

‘२१ दिवसांत पूर्ववत.’

खाणं आटोक्यात आणलं की यकृतातली चरबी काही आठवड्यांत घटू लागते, एवढं खरं. पुढचा पल्ला लांबचा आहे. अमेरिकेतल्या ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’मध्ये (२००२) मधुमेहाचा धोका जास्त असलेले ३,२३४ लोक होते. ज्या गटाला वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल हे लक्ष्य दिलं, त्यात सुमारे तीन वर्षांत मधुमेहाचं प्रमाण औषधाऐवजी नुसती बिनऔषधी गोळी दिलेल्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी.

हालचालीचं गणित असं: आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही ग्लुकोज खेचतो, आणि नंतर त्याची इन्सुलिन-संवेदनशीलता साधारण २४ ते ४८ तास वाढलेली राहते. म्हणून रविवारी तीन तास आणि बाकी सहा दिवस शून्य, हा हिशेब जमत नाही. सलग दोन दिवसांहून मोठा खंड नको. जेवणानंतर १०-१५ मिनिटं चालणं, आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचे व्यायाम.

मजकुरात एक गोष्ट अजिबात नाही, आणि तीच सर्वांत धोक्याची. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना अचानक पिष्ट बंद केलं तर साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली घसरू शकते, त्यामुळे डोस डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (साखर लघवीवाटे काढणारी औषधं) घेणाऱ्यांनी कडक उपास किंवा पिष्टबंदी करताना मळमळ, पोटदुखी, धाप सुरू झाली तर साखर फारशी वाढलेली नसली तरी लगेच रुग्णालय गाठून रक्तातले कीटोन (चरबी जळताना तयार होणारे, फार वाढले तर घातक ठरणारे पदार्थ) तपासून घ्यावेत.