ओव्हनमधला फरा आणि डोंबिवलीची बंदी

2025च्या ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मटण-चिकनची दुकानं आणि कत्तलखाने बंद ठेवायचा आदेश काढला. 1988च्या ठरावाचा आधार दाखवला. अजित पवारांनीही अशी बंदी योग्य नाही म्हटलं. आमच्या डोंबिवलीकर नातेवाइकांच्या ग्रुपवर चांगलीच जुंपली आणि मी तोंड उघडताच ‘तू तिकडे बसून बोलू नकोस’ असं ऐकवण्यात आलं. तिकडे म्हणजे लंडनचं हॅरो. तरी बोलतेच.

इथे रविवारी ओव्हनमध्ये मांस भाजायचा जुना रिवाज आहे, ईस्टरला तर कोकराचा फरा, म्हणजे अख्खी तंगडी, हवाच. मी तो आपल्या पद्धतीने करते. दोन-सव्वादोन किलोचा, हाडासकट. वरची जाड चरबी बरीचशी काढून टाकायची. कोकराचा उग्र वास तिच्यात असतो आणि बोकडाच्या मटणावर वाढलेल्या माणसाला तो सोसत नाही. सुरीने हाडापर्यंत चिरा पाडून आलं-लसूण, हळद, मीठ बोटांनी आत कोंबायचं. वरून घट्ट दही, कांदा-लसूण मसाला आणि भाजलेल्या धणे-बडीशेपेची पूड चोळून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी तळाशी कांद्याचे जाड काप, कपभर पाणी, वर गच्च फॉइल आणि 160 अंशांवर चार तास. मांस हाडापासून सुटायचं तर आतलं तापमान 90 अंशांपर्यंत जावं लागतं, तेव्हा कुठे चिवटपणा जातो. शेवटी फॉइल काढून 220वर वीस मिनिटं. मसाला कडांना काळपट होतो, आणि तळाच्या कांद्याचं ते पाणी गरम भातावर काय लागतं!

हा वास भिंतीपलीकडे जातोच. 2017 साली केंटमधल्या फर्गस विल्सन या बड्या घरमालकाने, घरात करीचा वास राहतो असं कारण देऊन, गोरे नसलेले भाडेकरू नकोत असं एजंटला कळवलं होतं. समानता आयोगाने त्याला कोर्टात खेचलं आणि कोर्टाने ते बेकायदा ठरवलं. त्या विल्सनवर माझ्या ओळखीतले शाकाहारीही भयंकर चिडले होते. त्यांच्यातलेच काही जण मुंबईतला फ्लॅट भाड्याने देताना ‘फक्त व्हेज फॅमिली’ अशी अट घालतात. हे मला अजिबात पटत नाही.

शेजारच्या जैन बेनच्या पर्युषणात मी फरा भाजत नाही. त्यांनी कधी सुचवलेलं नाही, कौन्सिलचा कागद आलेला नाही. उद्या असा कागद आला तर मी त्याच दिवशी ओव्हन लावेन, आणि बेनशी असलेला माझा जिव्हाळा नाहक नासेल.

सक्तीची बंदी इथेही आहे. ईस्टरच्या रविवारी इंग्लंडमधली मोठी दुकानं कायद्याने बंद असतात, म्हणून फरा आदल्या दिवशी आणून ठेवावा लागतो. पण त्या दिवशी तिथे बटाटेही मिळत नाहीत. एकाच्या ताटावर बोट ठेवलेलं नसतं.

महापालिकेने खाटकाकडे लक्ष जरूर द्यावं, पण स्वच्छतेसाठी. इथे कत्तलखान्यात पशुवैद्य जनावर तपासतो, दुकानाला स्वच्छतेचे 0 ते 5 गुण मिळतात आणि ते कुणालाही ऑनलाइन बघता येतात. आमच्या डोंबिवलीच्या घराजवळ मटण रस्त्याच्या धुळीत उघडं टांगलेलं असतं, बाकीचे 364 दिवस. त्याबद्दल त्या ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही.