बारा सेकंदांत भात पिकलं, म्हणून काय ते खोटं?

आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपवर पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हिमनद्या आटताना दाखवणारे टाइम-लॅप्स व्हिडिओ, म्हणजे ठरावीक वेळानं काढलेले फोटो जोडून केलेले, ही कॅमेऱ्याची हातचलाखी. फोटो भरभर पळवलेले, तेही उन्हाळ्यातले. बर्फ तुटणं निसर्गाचंच. फोटोवरून मोजता काही येत नाही. आणि ग्रीनलंडची हिमनदी तर उलट वाढतेय. तीन काकांनी आणि एका निवृत्त मास्तरांनी त्याला अंगठा दिलाय, म्हणून हा खटाटोप.

फोटो पळवलेले? होय की, पळवलेलेच असतात. गेल्या पावसाळ्यात खानापूरकडच्या घरी माडीच्या खिडकीत मी लाकडाची खाच करून घेतली. रोज सकाळी आठला मोबाइल त्यात बसवून समोरच्या शेताचा एक फोटो. रोप लावणीपासून सुगीपर्यंत 120 फोटो, 12 सेकंदांचा व्हिडिओ. ते भात काही खोटं नव्हतं. त्याचाच भात अजून घरात शिजतोय.

उन्हाळ्याचा मुद्दा मात्र अगदीच बिनबुडाचा नाही. मेमधलं राकसकोप धरण आणि ऑगस्टमधलं राकसकोप शेजारी शेजारी लावून कुणीही काहीही सिद्ध करेल. हिमनदीही उन्हाळ्यात उघडी पडते, हिवाळ्यात पांघरूण घेते. म्हणून तर कॅमेरा वर्षभर तिथंच खडकाला जखडून ठेवतात. अमेरिकन छायाचित्रकार जेम्स बॅलोग यांनी 2007 मध्ये ‘एक्स्ट्रीम आइस सर्व्हे’ सुरू केला आणि ग्रीनलंड, आइसलंड, अलास्कात असे कॅमेरे लावले. सौर पॅनेलवर चालणारे, उजेड असेपर्यंत दर अर्ध्या-एक तासाला फोटो टिपणारे. एकेका कॅमेऱ्याचे वर्षाला हजारो फोटो, त्यात हिमवादळंही आली आणि काहीच न दिसणारं धुकंही. तुलना करायची ती उन्हाळा सरतानाच्या फोटोंची, नवा बर्फ पडायच्या आधीची, आणि दर वर्षी त्याच सुमाराची. म्हणजे राकसकोपचा दर वर्षीचा 31 मेचाच फोटो. यात लबाडी कुठं आली?

बर्फ तुटण्याबद्दल मी मेसेजच्या बाजूचा. 28 मे 2008 रोजी ग्रीनलंडच्या इलुलिसात हिमनदीचा कडा 75 मिनिटं कोसळत राहिला, तो व्हिडिओ बघून छातीत धडकी भरते. पण एकट्या त्यानं सिद्ध काही होत नाही. समुद्राला टेकलेली धडधाकट हिमनदीही तुकडे टाकते. बघायचं ते एवढंच, की मागून येणारा बर्फ ती जागा भरून काढतो का. अलास्कातल्या कोलंबिया हिमनदीला ते जमलं नाही. 1980च्या दशकापासून ती सुमारे 20 किलोमीटर मागं गेलीय.

आता मोजमाप. माझ्या व्हिडिओत शेत बेडकासारखं उड्या मारत होतं, कारण पावसानं लाकूड फुगलं आणि मोबाइल रोज केसभर वेगळा बसायचा. उपाय सोपा निघाला. शेतापलीकडचा विजेचा खांब जागचा हलत नाही. प्रत्येक फोटो त्या खांबाशी जुळवला आणि शेत थांबलं. हिमनदीवाले हेच करतात, फक्त खांबाऐवजी पलीकडच्या डोंगराचे खडक. त्या खडकांची जागा जीपीएसनं आधीच मोजलेली असते, त्यामुळं फोटोतला ठिपका किती मीटरचा हे काढता येतं आणि बर्फावरची एखादी भेग महिन्यात किती सरकली तेही. हे काही आजचं खूळ नाही. आल्प्समधल्या फेर्नागटफेर्नर हिमनदीचा नकाशा झेबास्टियान फिन्स्टरवाल्डर यांनी 1889 मध्येच फोटोंवरून केला होता. तेव्हा कसला संगणक नि कसलं काय!

बर्फाची जाडी किती घटली, तेवढं कॅमेऱ्याला नीट कळत नाही. त्यासाठी हिमाचलातल्या छोटा शिग्री हिमनदीवर आपले शास्त्रज्ञ 2002 पासून बर्फात काठ्या रोवून, त्या किती उघड्या पडल्या ते मोजतायत.

राहिली ग्रीनलंडची ‘वाढणारी’ हिमनदी. ती हीच, वरची इलुलिसात. 2016 नंतर ती खरोखर मंदावली, जाड झाली, थोडी पुढंही आली. 2019 मध्ये हे नासाच्याच शास्त्रज्ञांनी सांगितलं आणि कारणही दिलं: तिच्या तोंडाशी समुद्राचं थंड पाणी आलं होतं. अख्ख्या ग्रीनलंडचा बर्फ त्या वर्षांतही घटतच होता. मेसेजमध्ये पहिलं वाक्य उचललंय, पुढची दोन गाळलीत. सोबतच्या फोटोवर ना तारीख, ना जागेचं नाव. पाठवणाऱ्या काकांना मी परवा रात्री तेवढंच विचारलं. दोन निळ्या खुणा आल्यात.