रिलीव्हर आला नाही

पक्या कट्ट्यावर आला तोच मोबाईल नाचवत. "वाचलंत का? अंतराळवीर क्रिकालेव्ह! सोव्हिएत संघ बुडाला आणि हा बिचारा वर 'मीर' अंतराळ स्थानकावर अडकला. ३११ दिवस! साफ विसरले त्याला." पक्याला दर रविवारी कोणीतरी विसरलेला माणूस सापडतोच.

शेलारकाकांनी बशीत चहा ओतला. "अडकतात ते लिफ्टमध्ये. खाली यायचं सोयूझ यान स्टेशनला जोडलेलंच होतं. बसला असता तर त्याच दिवशी कझाकस्तानात उतरला असता."

"मग का नाही बसला?"

"रिलीव्हर आला नाही."

काकांची उभी हयात एमआयडीसीत शिफ्टा करण्यात गेली. त्यांना थांबवू नये. "मे ९१ मध्ये वर गेला. ऑक्टोबरात बदली इंजिनिअर यायचा, तर त्याच्या सीटवर कझाकस्तानचा अवबाकिरोव्ह बसवला. यानं सोडायचा बायकोनूरचा तळ त्यांच्या हद्दीत ना, मर्जी राखायला नको? क्रिकालेव्हला जुलैतच विचारलं, थांबतोस का? हा हो म्हणाला. पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय चालू मशीन सोडतो तो कामगार कसला?"

"आणि ओव्हरटाइम?" अलकानं विचारलं.

"रुबलात! ९२ च्या जानेवारीत तिकडे भाव मोकळे सोडले. कर हिशोब."

मार्चमध्ये उतरला तेव्हा सूटवर अक्षरं सोव्हिएत संघाचीच. गाव लेनिनग्राड, त्याचंही सेंट पीटर्सबर्ग झालेलं.

"तेच म्हणतोय मी," पक्या उसळला, "संपला ना माणूस!"

"संपला? ९४ ला अमेरिकेच्या शटलमधून गेला. २००० साली आयएसएसच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या, पहिल्या तुकडीत. सहा फेऱ्या मिळून ८०३ दिवस. तू सलग आठ दिवस कुठे टिकलायस का?"

यावर पक्यानं गप्प बसायला हवं होतं. "पण काका, पाठवणारा देशच उरला नाही, तर हिशोब द्यायचा कोणाला?"

अलका वाटच बघत होती. "म्हणजे तुझ्या वर्गणीच्या पावतीपुस्तकासारखं?"

"मंडळ फुटलं, त्याला मी काय करू? देऊ कोणाला?"

"रशियानं अख्ख्या सोव्हिएत संघाची देणी डोक्यावर घेतली," काका शांतपणे म्हणाले. "शेवटचा हप्ता २०१७ साली फेडला. तुझे साडेतीनशे आहेत."

चहावाल्यानंही संधी साधून उधारीची वही पुढे केली.

"रिलीव्हर आला की देतो," पक्या म्हणाला, आणि अलकाच्या नाकातून चहा आला.