‘ऑटोक्लेव्ह केलं की नवंच’ म्हणे!

या आठवड्यात तीन पेशंटनी मला दातांच्या इम्प्लांटबद्दलचा (इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेलं दाताचं कृत्रिम मूळ) एकच फॉरवर्ड दाखवला. ‘इम्प्लांटची अवजारं स्टील-टायटॅनियमची. ती ना गंजतात ना झिजतात. ऑटोक्लेव्ह केली की नवीच. सैल झालेला स्क्रू जोरात पिळला की काम झालं. नव्या स्क्रूचे पैसे मागणारा डॉक्टर लुटारू.’

आधी ऑटोक्लेव्ह, म्हणजे अवजारं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र. 121 किंवा 134 अंशांच्या वाफेत जंतू मरतात, गेलेली धार परत येत नाही. इम्प्लांटसाठी हाडात भोक पाडणारा ड्रिल पुन्हा वापरणं चूक नाही, हे मान्य. पण काही ड्रिल एकदाच वापरायचे असतात, बाकीच्यांना कंपनीने मर्यादा घातलेली असते. बोथट विळीवर सुरण चिरायला जोर लागतो, तसंच इथे. ड्रिल दाबावा लागतो, हाड तापतं. एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन या स्वीडिश संशोधकांनी 1983 साली सशांवर दाखवलं, की 47 अंश तापमान एक मिनिट टिकलं तरी हाडाला इजा होते. खालच्या जबड्याचं पुढचं हाड टणक, ते धार लवकर खातं. म्हणून ड्रिल किती पेशंटना वापरला, एवढंच मोजून भागत नाही.

आता स्क्रू, म्हणजे वरचा दात इम्प्लांटला जोडणारा. पिळल्यावर तो आतून किंचित ताणला जातो आणि त्या ताणावरच दात घट्ट राहतो. आट्यांवरचे बारीक उंचवटे दबले की ताण थोडा उतरतो, म्हणून दहा मिनिटांनी आम्ही पुन्हा टॉर्क (मोजून दिलेला पीळ) देतो, बहुधा 30 ते 35 न्यूटन-सेंटिमीटर. त्याच्या वर ‘अजून थोडं’ पिळलं, तर स्क्रू इम्प्लांटच्या आतच तुटू शकतो. आणि मुळात तो सैल का झाला? चावा उंच आहे, की कॅप नीट बसलेली नाही? ते न बघता पिळलेला स्क्रू पुन्हा सैल होणारच.

एक काका असेच आले होते. आधी कुणीतरी झिजलेल्या ड्रायव्हरने जोर लावून स्क्रूच्या डोक्यातला षटकोन पार गोल केलेला. ड्रायव्हर नुसता गरगर फिरायचा. अल्ट्रासॉनिक यंत्राच्या थरथरणाऱ्या टोकाने तो उलटा ढकलत काढायला मला तासभर लागला, काका बिचारे तोंड उघडून.

लुटीचं म्हणाल, तर जुना स्क्रू दाखवा म्हणून हक्काने सांगा. भिंगाखाली झीज दिसली तर दिसली; ताण मात्र डोळ्यांना दिसत नाही.

बाकी टायटॅनियम गंजत नाही, हे फॉरवर्डमधलं खरं. फक्त ड्रिल बहुतेक स्टीलचे असतात, आणि ओलेच ठेवले तर त्यांना गंज चढतो.